अंगणवाडी गायरानात नेऊ नका : ग्रामसभेला खुलं पत्र

प्रति,
सरपंच, उपसरपंच, सर्व सदस्य, तसंच ग्रामसभेला येणारे आणि न येणारे समस्त ग्रामस्थ,
तालुका खानापूर, जिल्हा सांगली.

स.न.वि.वि.

गावाचं नाव मुद्दामच घातलेलं नाही. आपल्या गावाला कळेल की हे आपल्यालाच आहे, आणि विट्याच्या आसपासच्या दुसऱ्या कुठल्या गावानं स्वतःला लावून घेतलं तरी माझी हरकत नाही.

पंचायतीच्या फलकावर येत्या २ ऑक्टोबरच्या सभेची विषयपत्रिका लागली आहे. विषय चार : देवळामागची अंगणवाडी पाडून तिथं आठ गाळे काढणे आणि अंगणवाडी गायरानात, पाण्याच्या नव्या टाकीजवळ हलवणे. विषय पाच : ज्येष्ठ नागरिकांसाठी ओढ्यापलीकडं विरंगुळा केंद्र बांधणे. विषय सहा : वाहनांना अडचण होते म्हणून पिंपळाचा पार काढणे. आपण हे तीन विषय म्हणून लिहिलेत. मला तो एकच विषय दिसतो, म्हणून हे पत्र.

मी या गावात एकतीस वर्षं अंगणवाडी सेविका होते. आज बुलेटवरून फिरणारी निम्मी पोरं माझ्या सतरंजीवर मुतलेली आहेत, त्यात दोन विद्यमान सदस्यही आले. एवढी वर्षं मी दर महिन्याला वजनं घेतली आणि तक्त्यावर ठिपके मांडले. हिरवा पट्टा, पिवळा पट्टा, लाल पट्टा. पोर पिवळ्यात घसरलं की घरी जायचं, आईला विचारायचं, वरच्यांना कळवायचं. शरीराचा तक्ता माझ्या हातात होता, मनाचा मात्र कुणी दिला नाही. तो मी बघून बघून आणि चुकून चुकून डोक्यात तयार केला. आता नातीनं सांगलीच्या कॉलेजात मानसशास्त्र घेतलंय. तिच्या वह्या चाळताना कळलं, मी जे ओसरीवर बघितलं त्यावर लोकांनी जन्म घातलेत.

आधी तात्यांचं सांगते. तात्यांना सगळे ओळखता. चौतीस वर्षं मदुराईला गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं, दुकान चालवलं, साठीला दुकान पोराच्या हवाली केलं आणि गावी आले. आपल्याकडं हे घरोघरी आहे. दुष्काळानं बापजाद्यांना बाहेर काढलं, कुणी केरळात गेलं, कुणी तमिळनाडूत, कुणी थेट नेपाळात. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी पुष्कळ उशिरा आलं. तात्या आले तेव्हा गावातलं त्यांचं असं कुणी उरलं नव्हतं. बरोबरीचे बाहेर तरी होते, नाहीतर वर गेलेले. सकाळी अकराला पारावर बसायचे, बाराला उठायचे, तीनला परत. बोलणं जवळजवळ नाहीच.

एका पावसाळ्यात सर आली म्हणून ते पारावरून उठून आमच्या ओसरीत येऊन उभे राहिले. आत पोरं अंक म्हणत होती. तात्या भिंतीला टेकून स्वतःशीच पुटपुटले, "ओण्णु, रेण्डु, मूणु, नालु, अंजु." दारातल्या एका पोरीनं ते ऐकलं. "आजोबा, परत म्हणा की." आठ दिवसांत अठरा पोरं तमिळमध्ये दहापर्यंत मोजायला लागली. पर्यवेक्षिका तपासणीला आल्या तर पोरांनी त्यांचं स्वागतच "पत्तु" अशी आरोळी ठोकून केलं. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, हे कुठल्या अभ्यासक्रमातलं? मी म्हणाले, पारावरच्या. पुढं तात्यांनी चिखलाची मूस करून दाखवली, भट्टी कशी फुंकायची ते दाखवलं, सोन्याचा टंच कसा काढतात ते सांगितलं. महिन्याभरानं त्यांची सून रेशन न्यायला आली आणि म्हणाली, "बाई, मामंजी आता रातचं पोटभर जेवत्यात."

नातीच्या वहीत या गोष्टीला नाव सापडलं. एरिक एरिक्सन हा जर्मनीत १९०२ साली जन्मलेला आणि हिटलर सत्तेवर आल्यावर अमेरिकेला गेलेला मानसतज्ज्ञ. १९१८ सालच्या अहमदाबादच्या गिरणी संपातले गांधीजी समजून घ्यायला हा माणूस पुढं अहमदाबादेत येऊन राहिला होता. त्याच्या आधी फ्रॉइडनं माणसाची घडण पाच-सहा वर्षांतच आटोपते असं धरलेलं. एरिक्सननं १९५० मध्ये ती मरेपर्यंत नेली आणि आठ टप्पे मांडले. पहिल्यात बाळ जगावर विश्वास ठेवायला शिकतं किंवा धास्तावतं. सातव्यात, म्हणजे मधल्या वयात, माणसाला पुढच्या पिढीसाठी काहीतरी करून ठेवायचं असतं. ते जमलं नाही की तो आतल्या आत साचून राहतो, डबक्यासारखा. आठव्यात माणूस मागं वळून आपल्या जन्माचा हिशेब बघतो. तो बरा लागला तर शांत होतो, नाही लागला तर चिरचिरा होतो. तात्या साचले होते. पोरांनी त्यांना वाट काढून दिली, आणि ते पोरांना कळलंसुद्धा नाही.

हे टप्पे एस.टी.च्या वेळापत्रकासारखे धरू नका. आपली एस.टी.ही वेळापत्रक पाळत नाही. काही माणसं तिशीतच हिशेब मांडायला बसतात आणि काही सत्तरीतही पोरकट राहतात. पण एरिक्सनची एक गोष्ट मला फार पटली. पहिला टप्पा आणि आठवा टप्पा त्यानं एकमेकांत गुंतवलेत. घरातली म्हातारी माणसं मरणाला न घाबरण्याइतकी समाधानी असली, की त्यांची पोरं जगायला घाबरत नाहीत, असा त्याच्या म्हणण्याचा आशय. म्हातारा आणि बाळ यांच्यामध्ये ओढा घालायचा ठराव आपण मांडलाय.

आता माझी चूक सांगते, कारण नवीन सेविका अजून तीच करतात. पहिली काही वर्षं मी आयांना सांगायची, "पोर खेळायला लागलं की गुपचूप सटका." पोर रडलं की दार लावून घ्यायची. वाटायचं, चार दिवस रडेल आणि सवय होईल. रडणं थांबायचं हे खरं. पण ती पोरं खेळताना दर दोन मिनिटांनी दाराकडं बघायची. आई न सांगता नाहीशी होते, हे एकदा कळल्यावर पोर पहाऱ्याला बसतं. पहाऱ्यावरचं पोर खेळत नाही आणि शिकतही नाही.

मला सुधारलं ते वरल्या आळीतल्या एका आजीनं. मुलगा आणि सून कोइमतूरला, नातू अडीच वर्षांचा, आजीजवळ. पहिल्या दिवशी आजीनं कनवटीची चंची काढून त्याच्या हातात दिली. पान, सुपारी, चुना, सगळ्यासकट. आणि म्हणाली, "ही संबाळ. मी आता जाती, आन् बारा वाजता माझी चंची न्यायला येती. पानाबिगर मला ऱ्हावतंय व्हय?" पोरगं दिवसभर चंची छातीशी धरून बसलं, रडलं नाही. आजी बाराला आली. दुसऱ्या दिवशी चंची, तिसऱ्या दिवशी चंची, पंधराव्या दिवशी पोरानंच चंची परत दिली : "तू ने, मी खेळतो." विनिकॉट नावाच्या इंग्रज बालरोगतज्ज्ञानं १९५१ साली यावरच निबंध वाचला होता. आई आणि जग यांच्या मधला पूल म्हणून मूल एखादं फडकं किंवा बाहुली धरून ठेवतं, असं त्याचं म्हणणं. आमच्या आजीनं विनिकॉट वाचला असणं शक्य नाही. चुन्याची डबी मात्र मी पहिल्याच दिवशी काढून घेतली होती, तेवढी अक्कल मला होती.

ही आजी त्या पोराला रोज चालत आणायची. गुडघे गेलेले. देवळापर्यंत तीन ठिकाणी बसत यायची आणि शेवटचं बसणं पारावर. गायरानातल्या टाकीपर्यंत ती आली असती का, याचं उत्तर ठरावाच्या सूचकांनी द्यावं. आई-बाप बाहेरगावी असलेली पोरं आपल्या पटावर नेहमीच पुष्कळ असतात आणि त्यांना आणणारे पाय साठीच्या पुढचे असतात.

याच पोरांच्या बापांविषयी एक गोष्ट यात्रेच्या तोंडावर सांगायलाच हवी. बाप वर्षानं घरी येतो, हातात खेळण्याची पिशवी असते, आठ-नऊ महिन्यांचं बाळ उचलायला जातो आणि बाळ किंचाळतं. घर हसतं. बाप हसल्यासारखं करतो. रात्री सून ऐकून घेते : "तूच लावलंस लेकराला असं." सुनेनं काहीही लावलेलं नसतं. सात-आठ महिन्यांच्या आसपास बाळाला ओळखीचं तोंड आणि अनोळखी तोंड यांत फरक पक्का कळायला लागतो. नजरेआड गेलेली वस्तू कुठंतरी असते हेही त्याच सुमाराला उमगायला लागतं, म्हणून आई दिसेनाशी झाली की ते तिला शोधतं. हे रडणं बुद्धी वाढल्याची खूण आहे. बापानं दोन दिवस लांब बसावं, आईशी बोलत राहावं, बाळाकडं एकटक बघू नये. तिसऱ्या दिवशी बाळ स्वतः रांगत येऊन मिशा ओढतं. एका बापाला मी हे सांगितलं तेव्हा तो दंडवत घालायचाच बाकी राहिला. वर्षभर त्याच्या डोक्यात होतं की पोरगं आपल्याला बाप मानत नाही.

मधल्या वयाच्या पोरांवर, म्हणजे तीन ते सहावर, मी लिहायला बसले तर ग्रामसभा दिवाळीपर्यंत चालेल. एकच सांगते. पाच वर्षांचं पोर जेवताना "दादाला जास्त दिली" म्हणून रडलं, की आजी त्याच्या अर्ध्या भाकरीचे चार तुकडे करते आणि पोर गप्प बसतं. तुकडे चार, म्हणजे भाकरी जास्त. पियाजे या स्वित्झर्लंडच्या संशोधकानं उंच आणि पसरट भांड्यांत पाणी ओतून हेच दाखवलं : या वयात मूल एका वेळी एकाच गोष्टीकडं बघतं, तुकड्यांकडं किंवा उंचीकडं. सातच्या आसपास ही युक्ती चालेनाशी होते. म्हणून चार वर्षांच्या पोराला बेरजा घोकायला लावणाऱ्या पालकांनी आधी त्याला भाकरी मोडायला द्यावी. पाटी पळून जात नाही.

आता पुलाच्या कठड्यावर बसणारी पोरं. गेल्या सभेत त्यांच्यावर अर्धा तास तोंडसुख घेतलं गेलं. उनाड आहेत, ट्रिपल सीट फिरतात, मोबाईलमधून मान वर काढत नाहीत. सगळं खरं आहे. पण अमेरिकेत २००५ साली छापलेला एक प्रयोग ऐका. पोरांना, विशीच्या आसपासच्यांना आणि मोठ्यांना पडद्यावर गाडी चालवायला दिली. एकटं असताना तिघांत फार फरक पडला नाही. शेजारी मित्र उभे केल्यावर पोरांनी घेतलेले धोके भलतेच वाढले, मोठ्यांचे जवळपास तेवढेच राहिले. मेंदूतला मौजेचा भाग लवकर तापतो आणि लगाम धरणारा, कपाळामागचा भाग पंचविशीपर्यंत पिकत असतो. म्हणजे कठड्यावर सहाजण बसतात तेव्हा तिथं सहा अकला नसतात, एक अक्कल सहांत वाटलेली असते. हीच पोरं यात्रेत पालखीच्या दांड्याखाली खांदा देतात तेव्हा कशी वागतात ते आठवा. म्हातारी आडवी आली तर हात धरून बाजूला नेतात. तिथं त्यांच्याकडं बघणारे नुसते मित्र नसतात, सगळं गाव असतं, आणि त्यांच्यावाचून पालखी हलत नाही हे त्यांना माहीत असतं.

या वयाचं मुख्य काम "मी कोण" हे शोधणं. आपण ते शोधूच देत नाही. दहावी झाली की पोरगा मामाच्या दुकानावर, पोरगी सतरा संपायच्या आत दाखवायला. जेम्स मार्शिया नावाच्या संशोधकानं १९६६ मध्ये अशा ओळखीला वेगळं नाव दिलं : स्वतः न शोधता, दुसऱ्यानं ठरवून दिलेली आणि आपण मुकाट घेतलेली. ती प्रत्येक वेळी वाईट ठरते असं मी म्हणणार नाही. गलाईनं या तालुक्यातली घरं उभी केली, माझंही केलं. पण चाळिशीत दारू धरलेली जी दोन-तीन माणसं माझ्या डोळ्यांसमोर आहेत, त्यांना सोळाव्या वर्षी कुणी विचारलं नव्हतं. पोरींना तर कधीच नाही.

पंचेचाळिशीच्या बायकांवर कुणीच लिहीत नाही, मीही दोनच ओळी लिहिते. वर अंथरुणाला खिळलेली सासू, खाली नातवंड, नवरा परमुलखात, पाळी जाण्याच्या दिवसांत अंगातून वाफा निघतात आणि झोप नाही. त्यांच्या चिडचिडीला गाव "बाई लई तापट" म्हणतं.

म्हातारपणावर आपल्याकडं एकच म्हण चालते, साठी बुद्धी नाठी. ती अर्धी खोटी आहे. सिअॅटल शहरात १९५६ पासून त्याच त्याच माणसांना दर सात वर्षांनी गाठून त्यांच्या बुद्धीची मापं घेतली गेली. झटपट काम उरकण्याचा वेग लवकर मंदावतो. शब्दांचा साठा आणि साठवलेली जाण मात्र साठीपर्यंत टिकून असते आणि पुष्कळांची त्यानंतरही बरीच वर्षं. तात्यांना नवा मोबाईल जमत नाही, पण दोन भावांची बांधाची भांडणं ते वकिलाआधी मिटवतात. ही बुद्धी नाठी नव्हे, दुसरीकडं वळलेली आहे.

दुसरी चूक उलटी. खरोखर बिघडलेलं माणूस दिसलं तरी आपण "म्हातारचळ" म्हणून सोडून देतो. चष्मा कुठं ठेवला हे विसरणं वेगळं आणि चष्मा कशासाठी असतो हे विसरणं वेगळं. खालच्या आळीतल्या आक्का स्वतःच्या घराची वाट चुकायला लागल्या. दोन वर्षं घरच्यांनी दार बाहेरून लावून ठेवलं. शेवटी लेक आली आणि मिरजेला घेऊन गेली, तर थायरॉईड निघालं आणि एक कान पूर्ण गेलेला. गोळ्या आणि कानातलं यंत्र एवढ्यावर आक्का परत भिशी चालवायला लागल्या. सगळ्यांचं असं बरं होत नाही. स्मृतिभ्रंश हा आजार खराच आहे आणि तो मागं फिरत नाही. पण दाखवल्याशिवाय कोणता ते कळणार कसं? ओढ्यापलीकडच्या केंद्रात आक्का वाट चुकल्या असत्या तर आठ दिवस कुणाला पत्ता लागला नसता. दार लागण्याआधी पारावर बसत होत्या म्हणून अंगणवाडीतल्या पोरीनंच मला येऊन सांगितलं, "बाई, आक्का मला रोज नाव विचारत्यात."

सरपंच, गाळ्यांचं भाडं येईल हे मी नाकारत नाही. पंचायतीची घरपट्टी किती वसूल होते ते मला माहीत आहे. गाळे काढा, पण गायरानात, डांबरी रस्त्याच्या तोंडाला, जिथं गाड्या थांबतील. देवळामागच्या जागेत अंगणवाडीची नवी इमारत आणि विरंगुळा केंद्र शेजारी शेजारी बांधा, दोघांची दारं एकाच अंगणात उघडू देत. मध्ये भिंत नको. अंगणाला ठेंगणं कुंपण आणि एक फाटक पुरे. बाकं गुडघे गेलेल्यांना उठता येईल अशी उंच, संडासाचं एक भांडं पोरांच्या मापाचं. वर एक खोली अभ्यासिकेची काढा. तिची किल्ली कठड्यावरच्या पोरांकडंच द्या आणि संध्याकाळी अंगण झाडायचं कामही त्यांच्याकडंच. पिंपळ राहू दे. गाडी वळत नसेल तर गाडीनं वळसा घालावा.

पैसा कुठला, असा प्रश्न येणार. पंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. आपले मागचे तीन वर्षांचे दहा टक्के कुठं गेले ते मी माहितीच्या अधिकारात विचारू शकते, पण तशी वेळ आणू नका. पंचायतीनं घरातल्या गोष्टीत कशाला पडायचं, असंही कुणी म्हणेल. शेजारच्या कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावला बघून या. तिथं संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद राहतात. गावानं ठरवलं तर घरात शिरता येतं. आणि फलकावर घरपट्टीच्या थकबाकीदारांची नावं लावता, त्याशेजारी १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या दुखण्यासाठीच्या सरकारी मदतवाहिनीचा, फोन नंबर मोठ्या अक्षरात लिहा. फुकट आहे, मराठीत बोलतात.

अंगणवाडी हा शब्द बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांच्या कामातून आला. बोर्डीला त्यांनी पाहिलं की मुलं शाळेपर्यंत येत नाहीत, तेव्हा शाळाच मुलांच्या अंगणात नेली. पुढं १९७५ च्या २ ऑक्टोबरला देशभरात ३३ ठिकाणी सरकारची योजना सुरू झाली, नाव तेच राहिलं. विषय चार मंजूर झाला तर नुसती वाडी उरेल.

सभेला मी येणार आहे. सोबत अकरा आज्या आणि तात्या येतील. आज्यांच्या घरी पोरं सांभाळायला दुसरं कुणी नाही, त्यामुळं पोरंही येतील. खुर्च्या वाढवा, एक सतरंजी टाका, आणि गणपूर्ती मोजायची वेळ आली तर पोरांना मध्ये घेऊ नका. ती तमिळमध्ये मोजतात.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका